चाल कुणाची?

आज थोडं भांडायचं आहे. नेहमीच्या वाचकांना माझा स्वभाव ठाऊक आहे, नातेवाइकांना तर जरा जास्तच. तेव्हा चहा घेऊन बसा.

आपल्याकडे गाणं हे नेहमी लताचं असतं, रफीचं असतं, किशोरचं असतं. नाहीतर पडद्यावर ओठ हलवणाऱ्या राज कपूरचं, देव आनंदचं असतं. थोडं वाचनबिचन असलेला माणूस भेटला तर साहिरचं किंवा प्रदीपचं असतं. ज्याने त्या शब्दांना चाल लावली त्याचं मात्र ते कधीच नसतं. हा अन्याय सगळ्याच संगीतकारांवर होतो, मान्य. पण एका माणसावर तो आपण मराठी लोकांनी अगदी ठरवून केल्यासारखा केला आहे. तो माणूस म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. सिनेमाच्या पाट्यांवर सी. रामचंद्र, गायक म्हणून नुसतेच चितळकर, आणि जवळच्यांना अण्णा. माझी त्यांची कधी भेट झाली नाही, पण मीही अण्णाच म्हणते. साठ वर्षांच्यावर एखाद्याला रोज ऐकल्यावर तेवढा हक्क पोचतो.

आमच्या लहानपणी महालातल्या वाड्यात रेडिओ एकच, तोही समोरच्या बिऱ्हाडात. सकाळी तिथे रेडिओ सिलोन लागायचं आणि आम्ही वेण्या घालता घालता ऐकायचो. गाणं लागायच्या आधी किंवा नंतर निवेदक चार गोष्टी सांगणारच : सिनेमा कोणता, आवाज कुणाचा, शब्द कुणाचे, संगीत कुणाचं. विविध भारतीवरही तेच. आम्हा मुलींना गाणं पाठ व्हायच्या आधी ही नावं पाठ व्हायची. शैलेंद्र कोण, राजेंद्र कृष्ण कोण हे आम्हाला कुणी शाळेत शिकवलं नाही, त्या निवेदकांनी शिकवलं. आता मोबाइलवर गाणं येतं ते नटीच्या फोटोसकट येतं, आणि खाली नाव असतं ते गाणाऱ्याचं. बाकीचे दोघे गेले उडत!

नागपुरात सध्या कराओकेचा सुकाळ आहे. दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या सभागृहात कुणीतरी किशोर झालेला असतो. माझी तक्रार नाही, निवृत्त माणसांनी गावं, आरोग्याला चांगलं असतं. पण मागल्या वर्षी अशाच एका जुन्या मराठी गाण्यांच्या कार्यक्रमाला गेले होते. 'मलमली तारुण्य माझे' यायचं होतं. निवेदिकेने सुरेश भटांबद्दल चांगली चार मिनिटं घेतली. घ्यायलाच हवीत, भट आपले, अमरावतीचे आणि मग नागपूरचे. मग आशाबाईंबद्दल दोन मिनिटं झाली. आणि मग, 'तर ऐकू या...' मध्यंतरात मी तिला गाठलं आणि विचारलं, "चाल कुणाची हो?" ती म्हणाली, "बहुतेक हृदयनाथ मंगेशकर असतील, बाई."

बहुतेक! अहो, 'घरकुल' हा १९७० सालचा सिनेमा. अण्णांनी त्याचं नुसतं संगीत नाही दिलं, तो सिनेमाच त्यांनी काढला होता. हिंदीतली चलती ओसरल्यावर स्वतःच्या जोरावर मराठीत 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' असे दोन सिनेमे काढले. आणि आपण त्यांच्याच सिनेमातल्या त्यांच्याच गाण्याला दुसरा बाप शोधतो.

यात मला जास्त लागतं ते नागपूरचं म्हणून. अण्णा जन्मले नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याला, १२ जानेवारी १९१८ रोजी. पण त्यांच्या गळ्यावर संस्कार झाले त्यात आपल्या गावाचा वाटा आहे. इथे शंकरराव सप्रे यांच्याकडे ते गाणं शिकले. त्याच गुरूकडे शिकत होते वसंतराव देशपांडे. दोघे गुरुबंधू. आज सिव्हिल लाइन्समध्ये वसंतरावांच्या नावाचं सभागृह आहे, रेशीमबागेत सुरेश भटांच्या नावाचं आहे. दोन्ही योग्यच. वसंतरावांवर २०२२ साली 'मी वसंतराव' सिनेमा आला, मी तो दोनदा पाहिला. अण्णांचे जिवलग मित्र भगवानदादा, त्यांच्यावरही २०१६ साली 'एक अलबेला' आला. आणि अण्णा? गावात त्यांच्या नावाचा साधा चौकसुद्धा माझ्या पाहण्यात नाही. २०१८ साली त्यांची जन्मशताब्दी येऊन गेली. पुढच्याच वर्षी पु. ल., गदिमा आणि बाबूजींच्या शताब्दीचा केवढा गाजावाजा झाला, सरकारनेही साजरी केली. त्याच्या आदल्या वर्षी कुणाच्या नाकावरची माशी हलल्याचं मला तरी आठवत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. २६ जानेवारी.

तुम्ही कुठल्याही कॉलनीत राहा, त्या दिवशी सकाळी भोंग्यावर 'ऐ मेरे वतन के लोगो' लागतंच. कार्यक्रमात कुणीतरी ते गातंच. आणि सूत्रसंचालक सांगतो, कवी प्रदीप यांचं अजरामर गीत, लतादीदींच्या स्वर्गीय आवाजात, जे ऐकून पंडित नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं. गाणं लिहिलं कुणी हे आलं, गायलं कुणी हे आलं, रडलं कोण हेसुद्धा आलं! केलं कुणी हे राहून गेलं.

हे गाणं २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पहिल्यांदा गायलं गेलं, तेव्हा मी सातवीत होते. चीनचं युद्ध नुकतंच संपलं होतं. आमच्या वाड्यातल्या बायकांनी संरक्षण निधीला कुणी बांगडी, कुणी वेढणं दिलं होतं. पुढे ते गाणं रेडिओवर लागायला लागलं आणि वाड्यातली धुणीभांडी थांबायची. मला गाण्यातलं शास्त्र फारसं कळत नाही, मी मराठी आणि इतिहास शिकवला. पण तेहतीस वर्षं पोरांकडून कविता म्हणवून घेतल्यात, त्यामुळे शब्द आणि चाल यांचं काय नातं असतं ते मला कळतं, असा माझा दावा आहे.

त्या गाण्याची सुरुवात आठवून बघा. ठेका नाही. कीर्तनकार आख्यान लावायच्या आधी जशी ओवी म्हणतो, तसं ते सुरू होतं, अगदी समोर बसून सांगितल्यासारखं. सगळा जमाव गप्प झाला की मग ठेका येतो. पुढे कडव्यांत गोष्ट आहे, लढाईची, मरणाची. तिथे चाल जवळजवळ बोलते. गळा दाखवायची हौस नाही, वाद्यांचा दणदणाट नाही. युद्धाच्या गाण्यात बिगुल आणि ढोल वाजवायचा मोह कुणाला आवरला असता? अण्णांनी आवरला. शब्द ऐकू यावेत म्हणून स्वतः बाजूला सरले. आणि बाजूला सरले म्हणूनच आपल्याला दिसेनासे झाले. हा त्या माणसाच्या कामाचा मोबदला!

शाळेत सूर लागत नाही म्हणून ज्या पोरांना समूहगीताच्या मागच्या रांगेत ढकलतात (मी ढकलत नसे, पण संगीताचे सर ढकलायचे), ती पोरंसुद्धा हे गाणं म्हणू शकत. मी ऐकलंय. ज्याला बोलता येतं त्याला त्याची सुरुवात म्हणता येते. अशी चाल बांधणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा बांधून दाखवावी.

आणि प्रदीप आणि अण्णा ही जोडी काही त्या दिवशी जमली नव्हती. १९५४च्या 'नास्तिक'मध्ये जगाचं काय होऊन बसलं म्हणून देवालाच जाब विचारणारं गाणं आहे, प्रदीपजींनी स्वतःच्या आवाजात गायलेलं. कित्येकांना वाटतं चालही त्यांचीच असणार. ती अण्णांची. १९५९च्या 'पैगाम'मध्येही हेच दोघं. फकिरासारखी, कीर्तनकारासारखी साधी चाल कशी बांधायची हे अण्णांना बरीच वर्षं ठाऊक होतं. प्रसंग मोठा आला तेव्हा हात तयार होता.

२०२२ साली एक गंमत झाली. प्रजासत्ताक दिनानंतर २९ जानेवारीला दिल्लीत विजय चौकात सैन्यदलांचे बँड वाजतात, तो बीटिंग रिट्रीटचा सोहळा तुम्ही पाहत असाल. त्यात शेवटी गांधीजींच्या आवडीचं 'ॲबाइड विथ मी' हे ख्रिस्ती भजन वाजायचं. त्या वर्षी ते काढलं आणि 'ऐ मेरे वतन के लोगो' घेतलं. (काढायला हवं होतं का, हा वेगळा वाद. माझ्या मते दोन्ही वाजली असती तर विजय चौक काही खचला नसता.) पण आपला मुद्दा बघा. बँडवर वाजवलं म्हणजे शब्द गेले. प्रदीप गेले. आवाज गेला. लताबाई गेल्या. मग त्या संधिप्रकाशात जे काही वाजत होतं आणि घराघरात माणसं ज्याने हळवी झाली होती, ते काय होतं? फक्त चाल. म्हणजे फक्त चितळकर. आणि मी जी वाहिनी बघत होते तिच्यावरची मुलगी सांगत होती, "लताजींचं गाणं आता आपण ऐकतो आहोत." पुढे आठच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला लताबाई गेल्या. तो आठवडाभर हेच गाणं सगळीकडे लागत होतं. मीही रडले. पण एकदाही, एकाही ठिकाणी ते तिसरं नाव माझ्या कानावर पडलं नाही.

हे सगळं मी फोनवर माझ्या पुण्याच्या भाच्याला तावातावाने सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "पण मावशी, ते तर इंग्रजी गाण्यांची कॉपी करायचे ना?"

हे एक ठेवणीतलं अस्त्र आहे. अण्णांचं नाव काढलं की दहातले आठ जण हेच काढतात, आणि आजकाल तर मूळ गाणं लगेच लावूनच दाखवतात. १९५०च्या 'समाधी'तलं 'गोरे गोरे' हे एडमुंडो रॉस नावाच्या लंडनच्या बँडवाल्याच्या 'चिको चिको'वरून घेतलं. घेतलंच. 'घरकुल'मधलं बांबूच्या घराचं गाणंही बाहेरचंच. कोण नाही म्हणतं? शंभरावर सिनेमांना संगीत दिलेल्या माणसाची अशी गाणी काढा की शोधून. किती निघतात बघू.

पण मी याहून पुढे जाते. आमच्या घरी आजोबांची संगीत नाटकांची पुस्तकं होती. प्रत्येक पदाच्या डोक्यावर छापलेलं असे, 'चाल : अमुक अमुक'. म्हणजे हे पद कुठल्या बंदिशीवर, ठुमरीवर, लावणीवर, कानडी पदावर बेतलंय ते चक्क लिहिलेलं. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून पुढे कितीतरी नाट्यपदं अशी दुसऱ्यांच्या चालींवर उभी आहेत. त्याला आपण परंपरा म्हणतो आणि शाल पांघरून ऐकायला बसतो. मग चाल लखनौहून आली तर ती चीज, आणि लंडनहून आली तर चोरी? हा कुठला न्याय, राजेहो?

शिवाय अण्णांनी बाहेरून नुसत्या चाली आणल्या नाहीत, माणसं आपलीशी केली. गोव्याच्या आल्दोन्याचा अँटोनियो वाझ, ज्याला मुंबईत चिक चॉकलेट म्हणायचे, तो ट्रम्पेटवाला त्यांच्याबरोबर काम करत असे. 'अलबेला'मध्ये तर तो आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. १९५७च्या 'आशा'तलं 'ईना मीना डीका' कसं झालं याचीही गोष्ट सांगतात. पोरं अंगणात इंग्रजी अडगुलं मडगुलं म्हणत खेळत होती, ते ऐकून शब्द सुचले आणि पुढचं 'नाका नाका' हे एका गोवेकर वादकाच्या कोकणीतून आलं. गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असेलही. पण पुणतांब्याचा ब्राह्मण, गोव्याचे ख्रिस्ती वादक, पंजाबी गीतकार आणि बंगाली गायक मिळून असला अर्थहीन धुडगूस घालतात आणि तो देशभर पोरं म्हणतात, हे मला तरी फार लोभसवाणं वाटतं.

दुसऱ्या टोकाला आमचे शास्त्रीयवाले. त्यांच्या लेखी अण्णा म्हणजे हलकंफुलकं, बोंगो-क्लॅरिनेटवालं, वरातीत वाजणारं. नौशाद म्हटलं की यांचे हात कानाच्या पाळीला जातात. नौशाद थोरच, पण अण्णांनी काय फक्त वरातीच काढल्या? १९५३च्या 'अनारकली'त भीमपलास ऐका. हेमंतकुमार आणि लताबाईंचं त्याच सिनेमातलं प्रेमाचं दुःख जागवणारं गाणं बागेश्रीतलं आहे. 'आझाद'मध्ये राधेचा रुसवा आहे, तोही बागेश्रीत, आणि दोन्हींचा चेहरा वेगळा. 'नवरंग'मधलं अर्ध्या चंद्राचं आणि अर्ध्या रात्रीचं गाणं मालकंसात आहे. मालकंस म्हणजे गंभीर, रात्रीचा, धीरगंभीर बुवांचा राग. त्यात महेंद्र कपूर आणि आशाबाईंकडून शृंगार गाऊन घेतला.

'आझाद'चं तर सांगतात की आधी नौशादना विचारलं होतं. इतक्या थोड्या दिवसांत एवढी गाणी देणार नाही म्हणून त्यांनी नाकारलं. अण्णांनी घेतलं आणि दिलं. त्यातलं एक युगुलगीत तलत महमूदसाठी होतं, ते अण्णांनी स्वतःच गाऊन टाकलं, आणि अजूनही कितीतरी जण ते तलतचं म्हणूनच ऐकतात. घ्या, इथेही नाव गेलं ते दुसऱ्याकडेच!

मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम १९५१चा 'अलबेला'. मी जन्मले त्याच सुमारास तो आला, पाहिला मात्र खूप नंतर, सीताबर्डीवर मॅटिनीला, कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर. लोक पडद्यावर चिल्लर फेकत होते आणि भगवानदादांसारखे पाय टाकत खुर्च्यांच्या मधल्या वाटेत नाचत होते. 'भोली सूरत' अजून गणपतीत वाजतं. पण त्याच सिनेमात पिलूमधली ती अंगाई आहे. माझी दोन्ही मुलं त्या अंगाईवर झोपली, आता नात झोपते. एकाच माणसाने, एकाच सिनेमात, एकाच हाताने एका गाण्यात थिएटर नाचवलं आणि दुसऱ्यात पाळणा हलवला. याला हलकंफुलकं म्हणायचं तर जड कशाला म्हणायचं ते तरी सांगा.

राहता राहिलं ते अण्णा आणि लताबाईंचं काय बिनसलं ते. १९७७ साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे त्यांचं आत्मचरित्र आलं. माझ्या ओळखीतल्या ज्या ज्या माणसाने ते वाचलं, त्याला त्यातली तेवढी चार पानंच आठवतात. गीतगोपाळातल्या गदिमांच्या पदांना त्यांनी चाली दिल्या, स्वतः ती गायली, त्याबद्दल कुणी विचारत नाही. मी या विषयावर एक ओळही लिहिणार नाही. ज्यांना त्यात रस असेल त्यांनी आपापल्या ओट्यावर बसून चघळावं.

अण्णा ५ जानेवारी १९८२ रोजी गेले. म्हणजे पाच जानेवारीला पुण्यतिथी, बाराला जयंती, आणि सव्वीसला भोंग्यावर त्यांचीच चाल. सगळा महिनाच त्यांचा. आमच्या कॉलनीच्या सचिवांना मी आत्ताच सांगून ठेवलंय की येत्या २६ जानेवारीला गाण्याच्या आधीचं निवेदन मी करणार. शब्द कवी प्रदीप, संगीत सी. रामचंद्र, मूळ गायिका लता मंगेशकर, आणि आज गाणाऱ्या मुलीचं नाव. घड्याळ लावून पाहिलं, अकरा सेकंद लागतात. ते म्हणाले, "बाई, आधीच कार्यक्रम लांबतो हो." मी म्हटलं, आमदारांच्या भाषणातून अकरा सेकंद कापा. यावर ते काही बोलले नाहीत. बघू.

बारा तारखेला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. संध्याकाळी सहाला आमच्याकडे या. नातेवाइकांना पत्ता माहीत आहे, नागपुरातल्या ब्लॉगवाल्या मंडळींनी मेल टाकावी. आमच्या ह्यांनी जुनी रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून घेतली आहे, चाललीच नाही तर मोबाइल आहे. पहिलं गाणं 'अलबेला'तली अंगाई, तीसुद्धा चितळकरांचा आवाज असलेली. प्रत्येक गाण्याआधी चार नावं मी सांगणार, त्यावर कुरकुर चालणार नाही. पोहे असतील. तर्री हवी असणाऱ्यांनी आदल्या दिवशी कळवावं, चणे भिजवावे लागतात.